पॅन भरलेला होता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या निरगुडसरच्या वाचनालयाचा कारभार बघणारे बाळासाहेब, व्यासपीठावर बसलेले मोहनलालशेठ गुगळे, त्यांच्या सूनबाई आणि अकरा वर्षं आपल्या ग्रंथपाल असलेल्या सिद्धीताई, समोर बसलेल्या माता-भगिनी, वाचक मंडळी, आणि भाषण लांबलं तर गुपचूप निघता यावं म्हणून दाराशी उभे राहिलेले माझे जुने मित्र, सर्वांना माझा नमस्कार.

माईक जवळ घेऊ का? येतंय का ऐकू मागे? बरं.

मला भाषणाची सवय नाही. मी सातवी पास. परवा बाळासाहेब घरी आले आणि म्हणाले, "नाना, वाचनालयात रोज येणारं सगळ्यात म्हातारं गिऱ्हाईक तुमी. दोन शबुद बोला." मी म्हटलं, "मी बोललो तर रडारड व्हईल." ते म्हणाले, "व्हऊ द्या की, ताईंचा निरोपच हाय." तेव्हा दोष द्यायचा तर अध्यक्षांना द्या. चिठ्ठी लिहून आणली आहे. जमेल तसं बोलतो.

गावात नवीन सुना आल्या आहेत, त्यांना मी ठाऊक नसेन. मी रखमाजी. साखर कारखान्यात एकतीस वर्षं पॅनमन होतो. पॅन म्हणजे दोन मजली घराएवढं बंद भांडं. उसाचा रस त्यात वाफेवर आटवायचा आणि साखरेचा दाणा धरायचा. आत काय चाललंय ते दाखवायला काचेची एवढीशी खिडकी असते. बाकी सगळा भरवसा पॅनमनच्या अंगठ्यावर. नमुना काढायचा, अंगठ्या-बोटात चोळायचा, दाणा केवढा झाला ते कळतं. एकदा पॅन भरला की तो उतरेपर्यंत, म्हणजे आतला माल बाहेर काढेपर्यंत, पॅनमन जागचा हलत नाही. हलला आणि वाफ चुकली, तर आतला माल दगडासारखा बसतो, छिन्नीनं फोडावा लागतो. आमच्या वस्तादांचं एकच सांगणं असायचं: भरल्या पॅनला पाठ दाखवायची नाही.

माझी आई वारली तेव्हा मी पॅनवर होतो. निरोप आला. मी पॅन उतरवला, मग घरी गेलो. चिता जळून गेली होती. त्याबद्दल कारखान्यानं याच हॉलमध्ये माझा सत्कार केला होता. शाल, नारळ, टाळ्या. कारखान्याचे अध्यक्ष म्हणाले होते, "कामगार असावा तर असा." मी ती शाल वीस वर्षं ट्रंकेत जपून ठेवली.

पण आजचा सत्कार माझा नाही, सिद्धीताईंचा आहे. त्यांच्यावर येतो.

माझा मुलगा भगवंत. त्यालाही मी हेच काम शिकवलं. तो सुदान देशात साखर कारखान्यात गेला, पॅनमन म्हणून. तिथे नाईल नदीच्या पाण्यावर ऊस आहे, कारखाने आहेत, आणि आपल्याकडचे कारागीर तिकडे जातात. लढाईला आता तीन वर्षं व्हायला आली. एप्रिल महिन्यात टीव्हीवर आलं की सुदानमध्ये गोळीबार सुरू झाला. मी तसाच उठून वाचनालयात आलो. तोवर वाचनालयात कधी पाऊल टाकलं नव्हतं. सिद्धीताई टेबलाशी बसल्या होत्या. मी विचारलं, "ताई, सुदान कुठल्या पेपरात येतं?"

त्या हसल्या नाहीत. शाळेचा नकाशा काढला, माझं बोट धरलं आणि त्याच्यावर ठेवलं. "नाना, हे खार्टूम. इथे लढाई चालू आहे. भगवंतदादांचा कारखाना खाली, इथे. आणि हे समुद्रावरचं बंदर. आपलं सरकार माणसं आणतंय ती इथून." मी विचारलं, "मधी किती अंतर?" त्या म्हणाल्या, "खार्टूमपासूनच आठशे किलोमीटर." मी म्हटलं, "म्हंजी नागपूर." त्या म्हणाल्या, "हो, पण रस्त्यात बंदुका."

त्या दिवसापासून मी रोज येत राहिलो. भांडण कशाचं ते त्यांनीच मला समजावलं. दोन सेनापती. दोघांनी मिळून सरकार उलथवलं, आणि मग आपसात वाटणीला बसले. आपल्याकडे दोन भाऊ बांधावरून भांडतात तेव्हा काय होतं? कोर्टाचा खर्च तिसराच कोणी पुरवतो, कारण त्याला जमिनीतून वाट हवी असते. तिथेही तसंच. एकाच्या पाठीशी शेजारचा इजिप्त. दुसऱ्याला आखातातून हत्यारं येतात असं पेपर म्हणतात, आणि ज्यांचं नाव घेतात ते म्हणतात, आमचा काही संबंध नाही. मग सौदी अरेबियात जेद्दा शहरात बोलणी. बहात्तर तास लढाई थांबणार. मी धावत घरी जायचो, बायकोला, झुंबरबाईला सांगायचो, "बहात्तर तास हायेत!" ती बिचारी देवापुढे साखर ठेवायची. दुसऱ्या दिवशी दारातूनच मला सिद्धीताईंचं तोंड दिसायचं, आणि पेपर उघडायची गरज राहायची नाही. असे किती युद्धविराम आम्ही दोघांनी पाळले! त्या सेनापतींनी एकही पाळला नाही.

चौकात मला बघून पोरं म्हणायची, "काय परराष्ट्रमंत्री, आज कोण फुडं?" मी राग धरला नाही. एकजण मात्र म्हणाला, "नाना, त्यांची आपसातली मारामारी. मरंनात का. आपल्याला काय?" तो आज इथे आहे, नाव घेत नाही. त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, आज देतो. राव, लढाई सुरू झाल्यावर माझ्या पोराला आठ महिने ज्याने घरात ठेवलं तो त्याच कारखान्यातला बॉयलरवाला, इद्रिस. त्याच्या घरात सात तोंडं, आठवं माझ्या पोराचं. भगवंत फोनवर म्हणाला होता, "नाना, ही लोकंबी ज्वारीच खात्यात. पातळ धिरडी करत्यात. इद्रिसची आई मला पयलं वाढती." त्या माउलीचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. तिच्या घरावर कोणाचा तोफगोळा पडला, या सेनापतीचा की त्या, तेही ठाऊक नाही. पडला की नाही पडला, तेही नाही.

पाणी आहे का? असू दे, असू दे.

मोहनलालशेठ, तुमची आज मनापासून माफी मागायची आहे. तुमच्या सूनबाईंचा लई वेळ मी खाल्ला. तुम्ही एकदा म्हणालात, "सिद्धी, वाचनालयात पगार पुस्तकं सांभाळायचा मिळतो का नाना सांभाळायचा?" तुम्ही हसत म्हणालात, पण खरं होतं ते. त्याच आठवड्यात सिद्धीताईंनी मला एक बातमी वाचून दाखवली होती. तिकडे सोन्याच्या खाणी आहेत, त्या सोन्यावर बंदुका येतात, आणि सोनं आखातातून जगभर जातं. वाचून झाल्यावर त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाल्या, "नाना, आमचं दुकान सराफीचं. आमच्या पेढीवर येतं ते कुठून निघतं, हे आम्ही कधी विचारत नाही." शेठ, मी तुम्हाला दोष देत नाही. माझ्या झुंबरबाईच्या गळ्यातले चार मणीही तुमच्याच दुकानातले आहेत. एवढंच सांगतो की अशी मुलगी तुमच्या घरात आहे. पुण्याला नेताय, तर तिला तिथेही वाचू द्या.

पत्रांचं सांगायचं राहिलं. खार्टूममधली आपली वकिलात लढाईमुळे तिथून उठली आणि बंदरावर गेली. त्या पत्त्यावर, दिल्लीला, खासदारांना, सगळीकडे सिद्धीताईंनी माझ्यासाठी पत्रं लिहिली. इंग्रजीत लिहायच्या, मग मला मराठीत वाचून दाखवायच्या, मग मी सही करायचो. उत्तरं आली. सभ्य भाषेतली होती. "आपल्या पत्राची नोंद घेतली आहे." तिथल्या माणसांचीही चूक नाही, जिथे वाटच नाही तिथे ते तरी कोणाला पाठवणार? पण "नाना, एक तरी उत्तर आलं ना," असं म्हणत त्या मला पुढचं लिहायला लावायच्या. ती सगळी पत्रं हिरव्या फाइलीत आहेत. फाइल त्या टेबलावर, हाराच्या ताटाशेजारी ठेवली आहे. दिसतेय मला.

आता ती फाइल कोणाकडे जाणार?

बाळासाहेबांनी मघाशी जाहीर केलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. उद्यापासून वाचनालय माझी सून मोहिनी सांभाळणार. भगवंतची बायको. सिद्धीताईंनीच तिला सहा महिने शिकवून तयार केलं. चांगलं झालं. सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र आठ दिवस झोप नाही, अन्न गोड लागत नाही. का, ते सांगायला मी इथे उभा आहे. नाहीतर मी आलोच नसतो.

हो, हो, बाळासाहेब, आवरतो. वेळ संपल्याची चिठ्ठी वर करू नका. एवढं बोलू द्या. पुन्हा माझ्याच्याने उभं राहवणार नाही.

त्या फाइलीत पहिलं पान आहे ते वकिलातीचा अर्ज आहे. त्यात एक प्रश्न होता: सरकारने माणसं आणायला बस पाठवली तेव्हा हा इसम बसमध्ये का चढला नाही? सिद्धीताईंनी मला विचारलं, "नाना, काय लिहू?" मी खाली बघून म्हणालो, "लिहा, सोताच्या मर्जीनं थांबला." त्यांनी तसं लिहिलं. खाली माझी सही आहे. तेच मी घरी सांगितलं, तेच भावकीत सांगितलं.

त्याचं पुढे काय झालं? मोहिनीचं माहेर मढ गावचं. तिचा भाऊ जानकू त्याच वर्षी दिवाळीला आला होता. आमच्या ओट्यावर बसून तिला म्हणाला, "आक्का, दाजीला यायचंच नव्हतं. बस दारात आली तरी माणूस चढत न्हाई, म्हंजी काय समजायचं? तिकडं दुसरं बिऱ्हाड आसंल. चल मढला. पोरीला घिऊन चल." मोहिनी उठली. आत गेली, आणि भिंतीवरचा त्याचा फोटो काढून कपाटात ठेवला. समृद्धी, माझी नात, तिने विचारलं, "आई, पप्पांचा फोटो?" मोहिनी म्हणाली, "ज्याला आपण नको, त्याचा फोटो कशाला?"

मी ओट्यावरच होतो. सगळं ऐकलं. तोंड उघडलं नाही.

जानकूचा दोष नाही. त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

आता खरं ऐका. मोहिनी, उठू नको. बस, बाय माझे. ऐकून मग कुठे जायचं तिथे जा.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. इथे दुपारचा दीड, तिथे सकाळचे दहा. घरात मी एकटा. तुम्ही दोघी सासू-सुना मंचरला बाजाराला गेला होतात. भगवंतचा फोन आला. म्हणाला, "नाना, बस आलीय. आपले समदे चढत्यात. पासपोर्ट खार्टूमच्या हापिसात अडाकल्यात, पर वकिलातीवाले म्हंत्यात, बसमधीच कागद करून देऊ. माझी बॅग भरून दाराशी हाय. पर पॅन भरलेला हाय. हंगामाचा शेवटचा पॅन. दाणा धरलाय, तीन तासात उतरंल. काय करू?"

मोहिनी, त्याने मला विचारलं. माझी परवानगी मागितली. बापानं नुसतं "पळ" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "भरल्या पॅनला पाठ दावायची न्हाई. उतरव आन् मंग जा. सरकारची बस हाय, दुसरी येईल की."

तो म्हणाला, "नाना, दुसरीचं खात्रीनं न्हाई सांगत कोणी."

मी काय बोललो ते ऐका. मी म्हणालो, "माझी आई गेली तवा मी पॅन सोडला न्हाई. तुला बस सुटंल म्हणून भ्या वाटतं व्हय?"

तो म्हणाला, "बरं नाना." आणि फोन ठेवला.

बस तिथल्या बारा वाजता गेली. लढाई शहरात होती, कारखाना लांब होता. मला वाटलं होतं चार-आठ दिवसांत शांत होईल. दोन माणसांचं भांडण किती दिवस चालणार? मला काय ठाऊक होतं की त्या दोघांच्या मागे किती जण उभे आहेत? सिद्धीताईंचा नकाशा मी त्याच्यानंतर बघितला. आधी बघायला पाहिजे होता. एकतीस वर्षं मी काचेच्या एवढ्याशा खिडकीतून बघत आलो, आणि मला वाटलं जग तेवढंच आहे.

दुसरी बस आली नाही. नंतर जे बाहेर पडले ते ज्यांच्याकडे कागद होते ते. भगवंतकडे कागद नव्हता. इद्रिसने त्याला घरी नेलं.

आठ महिन्यांनी, डिसेंबरात, त्याचा शेवटचा फोन आला. झुंबरबाईशी बोलला. मोहिनी, तुझ्याशी बोलायचं म्हणत होता, तू रागाने फोन घेतला नाहीस. तो राग माझ्या खोट्यावरचा होता. मग मी फोन कानाला लावला. मला वाटलं आता तो मला बोल लावेल. तो हसला. म्हणाला, "नाना, एक सांगायचं ऱ्हायलं. त्यो पॅन उतरलाच न्हाई. बस गेली आन् घटकाभरानं वीज गेली, वाफ बसली. पॅन दगड झालाय. आजून तसाच हाय."

तो पुढे म्हणाला, "तुमी मनाला लावून घिऊ नका. मोहिनीला काय सांगू नका, तिचा तुमच्यावर लई जीव हाय."

त्यानंतर लढाई त्या भागात शिरली. इद्रिसचा फोन बंद. दोन वर्षं बंद आहे. मी रोज लावतो. एक बाई अरबीत काहीतरी सांगते. ती काय सांगते तेही मी सिद्धीताईंकडून समजून घेतलं; त्यांनी कुठून तरी अर्थ काढून आणला होता. "या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही." आता शब्द मला पाठ आहेत. तरी रोज पुरं ऐकतो, मधेच बदलले तर म्हणून.

पोरगा सांगू नका म्हणाला, आणि मी त्याच्या त्या शब्दाचा आडोसा केला. त्याने माझी अब्रू झाकली, मी त्याची उघडी टाकली. गाव त्याला नाही नाही ते म्हणालं, बायकोने फोटो उतरवला, आणि बाप वाचनालयात बसून परक्या सेनापतींना शिव्या देत राहिला. त्यांनी दुसऱ्यांची पोरं पुढे केली. मी माझं पोर पुढे केलं.

सिद्धीताई, तुम्ही रडू नका. तुमचा आजचा दिवस मी नासवला. तुम्ही माझ्यावर विश्वासून ते वाक्य लिहिलंत. एक मागणं आहे. पुण्याला जाण्याआधी मोहिनीला वकिलातीचा पत्ता कुठे असतो, पत्र कसं धाडतात, ते एकदा पुन्हा दाखवा. उद्याचं पत्र तिने लिहायचं आहे. तिला लिहावंसं वाटलं तर. त्यात लिहायचं: आधीचं लिहिलेलं खोटं होतं. या इसमाला यायचं होतं. त्याची बॅग भरून दाराशी होती. त्याला बापाने थांबवलं. मर्जीने राहिला त्याला सरकार शोधत नसेल, मला ठाऊक नाही. पण थांबवलेल्याला तरी शोधतील. कोणी शोधलं नाही तरी कागदावर खरं असू दे. सही मी करीन.

लढाई अजून चालूच आहे. परवाच पेपरात पुन्हा कुठल्या देशात बोलणी व्हायची आहेत असं होतं. मी वाचून दाखवणार होतो, पण चष्म्याला पाणी आलंय.

आता समारोपाचं. ज्यांनी बोलायला दिलं त्या बाळासाहेबांचे आभार. मोहनलालशेठ आणि घरच्यांचे आभार. त्यांच्या प्यारीबाई आजींनी मला वाचनालयात खाकरे धाडले, म्हातारा उपाशी बसतो म्हणून; त्यांचे आभार. सिद्धीताई, तुमचे आभार मानायला मला भाषा पुरत नाही. पुण्यात सुखी राहा. नकाशा मात्र आमच्याकडे ठेवून जा.

बाळासाहेब, टेबलावर एक शाल जास्तीची दिसते. सर्वांत म्हातारा वाचक म्हणून ती माझ्या खांद्यावर घालणार असाल, तर हात जोडतो, घालू नका. एका शालीनेच माझं एवढं केलं आहे.

भाषणाच्या शेवटी म्हणतात, बोलताना काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्या. आज मी जे बोललो त्यात चुकीचं काही नाही, जसं झालं तसं सांगितलं. चुकलं ते त्या दिवशी दुपारी दीड वाजता फोनवर बोललो ते. ते पदरात घ्या असं मी सभेला कसं म्हणू? ते ज्याला बोललो तो इथे नाही, आणि ज्यांचं त्याने वाटोळं झालं त्या दोघी सासू-सुना समोर बसल्या आहेत.

चिठ्ठीत खाली जयघोष लिहिला आहे. तो तुम्ही म्हणा. मी खाली जाऊन मोहिनीशेजारी बसतो. ती बसू देणार असेल तर.